शेजारी कोण बसले होते

तीन वर्षांपूर्वी मी वडिलांना त्यांच्या पहिल्या नोकरीविषयी बोलते केले आणि ते बोलणे मोबाईलवर चित्रित करून ठेवले. बावीस मिनिटांचा तो व्हिडिओ आजही माझ्याकडे आहे. प्रकाश चांगला आहे, आवाज स्वच्छ आहे, कपाळावरच्या आठ्या मोजता येतील इतका चेहरा स्पष्ट आहे. मोबाईल मी उभा धरला होता; तसा धरण्यामागे काही विचार नव्हता, हातात घेतला तसाच तो राहिला. चौकटीच्या उजव्या कडेला मात्र एक कोपर अधूनमधून आत येते आणि पुन्हा बाहेर जाते. ते आईचे आहे. ती त्यांच्या शेजारी त्याच बाकावर बसली होती आणि एखादे साल किंवा नाव चुकले की तिथल्या तिथे दुरुस्त करत होती. व्हिडिओत वडील बोलता बोलता थांबतात, त्या बाजूला मान वळवतात, हसतात आणि पुन्हा माझ्याकडे पाहून पुढचे वाक्य सुरू करतात. आईचा आवाज ऐकू येतो, पण ती दिसत नाही.

मोबाईल आडवा केला असता तर दोघेही चौकटीत सहज मावली असती. हे माझ्या लक्षात आले तेव्हा फार उशीर झाला होता; तो व्हिडिओ आम्ही टीव्हीवर लावून पाहत होतो. पडद्याच्या मधोमध वडिलांची उभी पट्टी होती आणि दोन्ही बाजूंना काळोख होता. आई त्या काळोखाकडे पाहत म्हणाली, "एवढी जागा रिकामी आहे. मी तिथेच तर बसले होते."

हाताने वस्तू घडवणाऱ्या माणसांची छोटी छोटी चित्रणे करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. त्या संध्याकाळनंतर प्रत्येक चित्रीकरणाआधी मी थोडी थांबते आणि एकच गोष्ट पाहते: ज्याचे चित्रण करायचे त्याच्या शेजारी काय आहे, आणि ते शेजारचे सोडून दिले तर उरलेली गोष्ट खरी राहते का. आडवे की उभे हा निर्णय मला यातून मिळतो. बाकीची कारणे, म्हणजे व्हिडिओ कुठे टाकायचा, किती लांबीचा करायचा, लोक तो कशावर पाहणार, ही सगळी महत्त्वाची आहेत, पण ती या प्रश्नाच्या मागून येतात असे माझे ठाम मत झाले आहे.

आडव्या चौकटीची बाजू घेणारे लोक बहुधा डोळ्यांचा दाखला देतात. आपले डोळे शेजारीशेजारी असतात, आपले दृष्टिक्षेत्र आडव्या दिशेने सुमारे 200 अंश आणि उभ्या दिशेने सुमारे 130 अंश पसरलेले असते, म्हणून आडवे चित्र नैसर्गिक, असा हा युक्तिवाद आहे. तो मला अर्धाच पटतो. या विस्तीर्ण क्षेत्रापैकी खरोखर स्पष्ट दिसतो तो मधला जेमतेम दोन अंशांचा भाग. बाकीचे आपण नजर फिरवून गोळा करत असतो. झाडाखाली उभे राहिलो की नजर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत जाते आणि त्या वेळी ती मुळीच आडवी नसते. डोळ्यांची ठेवण एवढेच सांगते की आपल्या कडेला काय हालले याचे भान आपल्याला सतत असते. आडवी चौकट हे कडेचे भान जपते. तिचे खरे बळ मला यातच दिसते.

चलच्चित्राची चौकट आडवी झाली, त्यामागे डोळ्यांपेक्षा कार्यशाळेतल्या सोयीचा आणि पडद्याच्या स्वभावाचा भाग मोठा असावा असे मला वाटते. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला 35 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर, कडेच्या चार छिद्रांच्या उंचीएवढी चौकट बसवली. तिची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण 4:3 होते. मूकपटांचा जवळजवळ सगळा काळ याच प्रमाणात गेला. बोलपट आले, ध्वनिपट्टीसाठी फिल्मवरची थोडी जागा द्यावी लागली, आणि 1932 मध्ये हॉलिवूडच्या अकादमीने 1.37:1 हे प्रमाण ठरवून दिले. टीव्ही आला तोही 4:3 घेऊन. पुढे टीव्हीसमोर बसलेला प्रेक्षक परत मिळवण्यासाठी चित्रपटगृहांनी पडदा रुंद करायला घेतला आणि 1953 मध्ये सिनेमास्कोप आल्यावर रुंदी उंचीच्या अडीच पटींच्या घरात गेली.

या सगळ्या प्रवाहात एक आवाज वेगळा होता. रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेन्स्टाइन 1930 मध्ये हॉलिवूडमध्ये असताना रुंद पडद्याची चर्चा सुरू होती, आणि त्या चर्चेत त्यांनी चौरस पडद्याची मागणी केली. त्यांचे म्हणणे असे होते की पडदा आडवा ठेवल्याने उभ्या रचनेला चित्रपटातून कायमचे हद्दपार केले जाते. चौरस पडद्यावर मात्र गरजेप्रमाणे आडवे किंवा उभे, दोन्ही प्रकारचे चित्र झाकून-उघडून दाखवता येईल. त्यांचे कुणी ऐकले नाही. मला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटते, कारण आडव्याला विरोध करून ते थांबले नाहीत. प्रत्येक दृश्याला त्याचा आकार निवडण्याचा हक्क असावा, हे त्यांनी मागितले होते.

तो हक्क छायाचित्रकाराकडे मात्र आधीपासून होता. 1925 मध्ये लायका बाजारात आला तेव्हापासून तर माणसे तो छोटा कॅमेरा आडवा धरत, हवा तेव्हा उभा करत, आणि कुणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. फरक कॅमेऱ्यात नव्हता, पाहण्याच्या जागेत होता. छापलेले छायाचित्र हातात घेऊन फिरवता येते. चित्रपटगृहाचा पडदा फिरवता येत नाही आणि कोपऱ्यातला टीव्हीही नाही. म्हणून शंभरएक वर्षे चलच्चित्राच्या कॅमेऱ्याला आडवे राहावे लागले. मोबाईल आला आणि चित्रीकरण करणारी वस्तू तीच पाहण्याचीही वस्तू झाली. ती हातातली होती आणि हातात उभीच राहणारी होती. आडवी करायची तर बहुधा दुसरा हात लागतो. इन्स्टाग्रामने 2015 पर्यंत फक्त चौरस चित्रे स्वीकारली, 2016 मध्ये स्टोरीज आणल्या, 2020 मध्ये रील्स आले, त्याच वर्षी यूट्यूबने शॉर्ट्स सुरू केले. नव्वद वर्षांपूर्वी नाकारलेली उभी रचना अशी खिशातून परत आली.

आता दोन्ही बाजूंचा तोटा एकदा नीट मोजून पाहावा. 16:9 चा आडवा व्हिडिओ 9:16 च्या उभ्या पडद्यावर पूर्ण दाखवला तर तो पडद्याचा 256 पैकी 81 भाग व्यापतो, म्हणजे जेमतेम 32 टक्के. उभा व्हिडिओ आडव्या टीव्हीवर लावला तरी उत्तर अगदी तेच येते. आडव्या व्हिडिओतून उभा तुकडा कापून काढला तरी मूळ चित्राचा तेवढाच भाग हाती लागतो. तोटा दोन्हीकडून सारखा आहे. त्यामुळे उभे चित्रीकरण म्हणजे आळस आणि आडवे म्हणजे जाणकारी, ही जी वाटणी वर्षानुवर्षे केली जाते ती मला मान्य नाही. चुकते ती चौकट विषयाशी न जुळणारी असते, आणि तशी चूक आडवा कॅमेरा धरूनही रोज होते.

याचा धडा मला एका विणकराच्या मागावर मिळाला. हातमागावर बसलेला तो माणूस धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी वस्तू, एका हाताने सोडत होता आणि दुसऱ्या हाताने झेलत होता, पुन्हा उलटा सोडत होता, मध्ये फणी खट्कन पुढे येत होती. मी आधी उभे चित्रण केले. माणूस सुरेख दिसत होता, त्याचे डोके, खांदे, खाली विणलेले कापड, सगळे होते. धोटा मात्र एका कडेने आत यायचा, मधल्या धाग्यांतून चमकून जायचा आणि दुसऱ्या कडेने नाहीसा व्हायचा; तो सोडणारा हात दिसत नव्हता, झेलणाराही दिसत नव्हता. जी कृती दोन हातांमधल्या अंतराने बनलेली आहे तिचे अंतरच मी कापून टाकले होते. मोबाईल आडवा केला, दोन पावले मागे गेले, आणि धोट्याचा संपूर्ण प्रवास दिसू लागला: हात सुटतो, धागे ओलांडले जातात, दुसरा हात आधीच उघडून वाट पाहत असतो. त्या हाताचे ते वाट पाहणे हा माझ्या सगळ्या चित्रणातला सर्वांत सुंदर क्षण आहे असे मला आजही वाटते. माग उभ्या आणि आडव्या धाग्यांनी चालतो. पण उभा ताणा आधीच ताणलेला असतो, हालचाल सगळी आडव्या बाण्याची असते, आणि कॅमेऱ्याला हालचालीच्या बाजूने उभे राहावे लागते.

त्याच महिन्यात मी कुंभाराच्या चाकाचे चित्रण केले आणि तिथे सगळे उलटे घडले. आडव्या चौकटीत चाक मधोमध होते, दोन्ही बाजूंना काही न करणारी भिंत होती, आणि मातीचा गोळा वर उठू लागला की त्याचा काठ चौकटीबाहेर जायचा. मी मागे सरकले तर बोटे इतकी लहान व्हायची की ती काय करतात तेच कळेना. उभ्या चौकटीत गोळा खालून वर येताना पूर्ण दिसला. एक हात आत, एक हात बाहेर, दोघांच्या मधून भांड्याची भिंत चढते, पातळ होते, आणि शेवटी तोंडाशी बोटाच्या एका दाबाने काठ बाहेर वळतो. या कृतीला शेजार नाही, तिला फक्त उंची आहे. उभ्या चौकटीने ती उंची तिला पुरती दिली. जिना, विहीर, उंच शिडीवरचा माणूस, डोक्यापासून पावलांपर्यंत दिसायला हवा असा नर्तक, या सगळ्यांविषयी मला तेच म्हणायचे आहे. आडव्या चौकटीत उभा माणूस पूर्ण घ्यायचा म्हणजे त्याला लांब न्यावे लागते, आणि लांब नेलेल्या माणसाचा चेहरा हरवतो.

चाकाचे वरून चित्रण करताना एक अडचण आली, ती सांगून ठेवते, कारण तिने माझा एक संपूर्ण दिवस वाया घालवला. मोबाईल आडवा आहे की उभा हे त्यातला संवेदक गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ओळखतो. मोबाईल जमिनीला समांतर धरून भिंग खाली केले की ती ओढ पडद्याच्या पाठीमागच्या दिशेने असते आणि आडव्या-उभ्याची खूण त्याला मिळत नाही. तो आधीचीच दिशा धरून बसतो. चित्रीकरण सुरू झाल्यावर ती दिशा सहसा त्या व्हिडिओपुरती कायम होते. म्हणून मी आता मोबाईल आधी हव्या त्या दिशेने सरळ धरते, पडद्यावरची चिन्हे वळेपर्यंत थांबते, मग हळूच खाली झुकवते आणि त्यानंतरच बटण दाबते.

"दोन्हीसाठी एकदाच चित्रण करून ठेवावे, नंतर संकलनात हवे ते कापावे" असा सल्ला मला अनेकांनी दिला. आकड्यांच्या हिशेबात तो सल्ला चुकीचा नाही. 1920 गुणिले 1080 पिक्सेलच्या आडव्या चित्रातून उभा तुकडा काढला तर त्याची रुंदी 608 पिक्सेल उरते आणि तो ताणून मोठा करावा लागतो. पण मूळ चित्रण 3840 गुणिले 2160 चे, म्हणजे ज्याला फोरके म्हणतात त्याचे असेल, तर उभा तुकडा 1215 गुणिले 2160 चा मिळतो आणि मोबाईलच्या पडद्यासाठी तो पुरेसा असतो. मी वर्षभर असेच काम केले. त्या वर्षातली माझी चित्रणे आज पाहिली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा खुपते: सगळे महत्त्वाचे मधल्या एकतृतीयांशात कोंबलेले आहे. कडा कापल्या जाणार हे माहीत असल्यामुळे मी कडेला जपावे असे काहीच ठेवत नव्हते. त्यामुळे आडवा व्हिडिओ पोकळ झाला. उभा तुकडाही अपुरा राहिला, कारण उभ्या चौकटीसाठी जितके जवळ जायला हवे आणि कॅमेरा जितका खाली किंवा वर न्यायला हवा, तितके मी गेलेच नव्हते. आकार कापून मिळतो, अंतर मिळत नाही.

16:9 हे प्रमाण स्वतःच एका तडजोडीतून आलेले आहे, हे कळल्यावर मला या विषयाकडे जरा शांतपणे पाहता आले. 1980 च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने त्या वेळी प्रचलित असलेल्या चौकटींचे, सारख्या क्षेत्रफळाचे आयत घेतले, मध्यबिंदू जुळवून ते एकमेकांवर ठेवले, आणि त्यांना आढळले की सगळ्यांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांच्या पोटात मावणारा आतला आयत, या दोघांचेही प्रमाण 16:9 च्या जवळ येते. कुणाचाच फार तोटा होऊ नये म्हणून निवडलेला हा आकार आहे. दाखवण्याच्या पडद्यासाठी अशी तडजोड योग्यच आहे, कारण पडद्याला सगळ्यांचे सगळे दाखवायचे असते. चित्रण करणाऱ्याने मात्र तडजोडीचे चित्रण करू नये. दोन्ही आकार हवे असतील तर मी आता कृती दोनदा करायला सांगते, एकदा आडव्यासाठी आणि एकदा उभ्यासाठी, आणि दोन्ही वेळा वेगळ्या जागी उभी राहते. बहुतेक कारागीर याला आनंदाने तयार होतात. त्यांना आपले काम पुन्हा करण्याचे वावडे नसते.

उभ्या चौकटीच्या स्वतःच्या काही मागण्या आहेत. तळाशी मजकूर येतो, उजव्या कडेला बटणे येतात, म्हणून दिसायला हवे ते मध्यापासून थोडे वर ठेवावे लागते. माणूस एकटा आणि समोर पाहून बोलणारा असेल तर ही चौकट फार जवळची वाटते, कारण पाहणाऱ्याच्या हातात जणू एकच चेहरा असतो. दोन माणसे आली की ती अडखळते. त्यांना शेजारी बसवले तर खांद्याला खांदा चिकटवून बसवावे लागते. एकाला पुढे आणि एकाला थोडे मागे बसवून कॅमेरा जरा उंचावर नेला तर दोघे मावतात, पण मग त्यांना एकमेकांकडे पाहण्यासाठी वळावे लागते आणि बोलण्याचा सूर बदलतो. बोलणाऱ्याची नजर ज्या दिशेला जाते त्या दिशेला थोडी मोकळी जागा सोडावी, हा चौकटीचा जुना नियम आहे. उभ्या चौकटीत ती जागाच नसते. नजर लगेच कडेवर आपटते आणि पाहणाऱ्याच्या मनात नकळत प्रश्न उभा राहतो, की पलीकडे कोण आहे. वडिलांच्या व्हिडिओत नेमके हेच झाले आहे.

असा उभा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवताना रिकाम्या बाजू भरण्यासाठी त्याच चित्राची मोठी आणि धूसर केलेली प्रत मागे लावण्याची पद्धत आता सर्रास दिसते. मीही वडिलांच्या व्हिडिओला ती लावून पाहिली. दोन्ही बाजूंना वडिलांच्याच सदऱ्याचा रंग पसरला आणि जिथे आई होती तिथे त्यांचाच एक अस्पष्ट, फुगलेला खांदा आला. मी ती प्रत लगेच काढून टाकली. काळी जागा निदान एवढे मान्य करते की तिथले काही आपल्यापाशी नाही.

विणकराचा आडवा व्हिडिओ तयार झाल्यावर मी त्यांना दाखवायला गेले होते. त्यांनी आपला मोबाईल उभाच धरला आणि ती लहानशी पट्टी डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागले. मी म्हटले, "दादा, मोबाईल आडवा करा ना." त्यांनी केला, पण पडदा वळेना, फिरण्याची सोय बंद करून ठेवलेली होती. ती सुरू करून दिल्यावर माग पडद्यावर पसरला. त्यांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा पाहताना बोट ठेवून म्हणाले, "हा डावा हात माझा उशिरा उघडतो आहे, बघा." तीस वर्षे माग चालवणाऱ्या माणसाने स्वतःचे दोन्ही हात एकाच वेळी, समोरून, प्रथमच पाहिले होते. कुणी उभ्या पडद्यावर पाहील म्हणून मी ते चित्रण उभे केले असते, तर त्यांना हे दिसले नसते. पाहणाऱ्याला मोबाईल वळवण्याचे कष्ट द्यावेत का, याचे उत्तर मी तेव्हापासून असे देते, की वळवल्यावर त्याला काही मिळणार असेल तर जरूर द्यावेत.

गेल्या महिन्यात मी आईवडिलांचे पुन्हा चित्रण केले. तोच बाक, तीच खिडकी. मोबाईल ट्रायपॉडवर आडवा लावला, वडिलांच्या बाजूला आईला बसवले आणि दोघांच्या कडेला तळहातभर जागा सोडली. वडील पुन्हा त्याच नोकरीविषयी बोलू लागले. या वेळी आई गप्प होती. कॅमेरा आपल्याकडेही पाहतो आहे हे कळल्यामुळे ती हात मांडीवर ठेवून समोर पाहत राहिली, आणि चौदाव्या मिनिटापर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. मग वडिलांनी बदलीचे साल सांगितले. आईने मान हलवली नाही, तोंड उघडले नाही. फक्त मांडीवरची तर्जनी किंचित वर उचलली. वडील तिच्याकडे पाहत नव्हते, तरी वाक्य अर्ध्यावर सोडून थांबले, आणि म्हणाले, "नाही, त्याच्या पुढच्या वर्षी."